रांग इथे संपते

रांगेच्या शेपटाला उभं राहणं हा माझा धंदा आहे. हातात लांब दांडीची पाटी, पाटीवर लिहिलेलं ‘रांग इथे संपते’. येईल त्याच्यापुढे कमरेतून वाकायचं आणि म्हणायचं, “वाट पाहायला लावतोय, माफ करा.” दिवसातून किती वेळा म्हणते, देव जाणे. घरी नवऱ्याने भात मागितला तरी तोंडातून आधी तेच निघतं. तो म्हणतो, “केलं माफ, आता वाढ.”

आमचं नामिओतो पार्क काही फार मोठं नाही. समुद्राकाठी एक आकाशपाळणा, एक भूतबंगला, पाण्यावरच्या होड्या, घोड्यांचं चक्र आणि आमचा म्हातारा लाकडी रोलर कोस्टर, ज्याला सगळे गडगड्या म्हणतात. माझी जागा गडगड्याच्या रांगेपाशी. संध्याकाळी रांग बंद करायची वेळ झाली की मी ही पाटी शेवटच्या पाहुण्याच्या हातात देते आणि तो ती वर फलाटापर्यंत घेऊन जातो, म्हणजे त्याच्यामागे आणखी कुणी उभं राहत नाही. पोरं त्या पाटीसाठी भांडतात. मोठी माणसं मात्र ती कुणी पाहत नाही ना अशा बेताने धरतात.

गडगड्याचा मिस्त्री म्हणजे शिन्पेइ कुरामोची. वय सदतीस, लग्न नाही. रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी हा बाबा हातोडी घेऊन रुळांवरून चालतो, एकेका बोल्टला टकटक करतो आणि कान देऊन ऐकतो. बोल्टांशी त्याचं छान जमतं. माणसांपुढे, त्यातून बाईमाणसापुढे, तो मूग गिळून बसतो. मी त्याला लहान भावासारखा मानते, म्हणून मला त्याला बोलायचा अधिकार आहे आणि तो मी रोज वापरते.

आमच्याकडे एक समज आहे की पहिल्या भेटीला पार्कात गेलेलं जोडपं टिकत नाही. कारण साधं आहे. रांगेत ताटकळताना बोलणं संपतं, बोलणं संपलं की चेहरे दिसायला लागतात. शिन्पेइने हे स्वतः भोगलं होतं. मागे एका मुलीबरोबर तो दूरच्या एका मोठ्या पार्कात गेला होता. रांग लांबलचक. याने हवापाण्याचं विचारलं, मग पुन्हा हवापाण्याचंच विचारलं, आणि मग गप्प. पाळण्यातून उतरल्यावर ती मुलगी “आभारी आहे” म्हणाली आणि सरळ स्टेशनकडे चालायला लागली. तेव्हापासून त्याने लग्नाचा विषय बंद करून टाकला होता.

तो मी उघडला. नगरपालिकेत दाखला काढायला गेले होते, तर खिडकीमागे ही मित्सुयो नागाओ बसलेली. एक आजोबा तिच्यावर खेकसत होते, आपला नंबर कधीच येऊन गेला म्हणून. खरं तर त्यांच्या हातातलं टोकन कालचं होतं. ही बया ना चिडली ना हसली. “आजोबा, काल आम्हीच तुम्हाला हाक मारायला विसरलो असू, या,” म्हणाली आणि त्यांना आधी घेतलं. मी तिथल्या तिथे मनाशी ठरवून टाकलं. चौकशी केली, चौतिशीची आहे, बिनलग्नाची आहे. मग मी मधे पडून चहाची एक बैठक घडवून आणली. त्या बैठकीत तीन माणसं होती आणि बोलणारी एकटी मी.

आता दोघांनीच भेटायचं होतं. मित्सुयो म्हणाली, “तुमच्या पार्कातच या ना घेऊन मला. लहानपणानंतर आलेच नाही.” आणि तिला सुट्टी कधी, तर मेच्या सलग सुट्ट्यांत, जेव्हा अर्धा जिल्हा आमच्या फाटकाशी उभा असतो.

शिन्पेइ दुपारी माझ्यापुढे येऊन उभा राहिला, तोंड पांढरंफटक.

“किकुए-सान, हे काही जमायचं नाही. गडगड्याला नव्वद मिनिटं लागतात त्या दिवसांत. नव्वद मिनिटं मी काय बोलू?”

“अरे, हवापाणी सोडून काहीही बोल.”

“पुन्हा तसंच झालं तर मला नाही सोसायचं. आणि हिला...” तो थांबला. “ही मला खरंच आवडलीय हो.”

त्याने असं काही कधी म्हटलं नव्हतं. मी पाटी काखेत धरली आणि म्हणाले, “तुला कुठल्याच रांगेत उभं राहावं लागणार नाही. माझा शब्द.”

शब्द देऊन बसले आणि मग तो पाळायचा कसा म्हणून हिराओकाकडे गेले. हिराओका आमचा गर्दीचा कारभारी. दुसऱ्या मजल्यावर पडद्यांपुढे बसून कुठे किती माणसं साचली, कुठे गाड्या वाढवायच्या, फलकावर किती मिनिटं दाखवायची, हे ठरवतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण माणूस सरळ.

“कुणालाही मधे घुसवणार नाही,” तो आधीच म्हणाला. “पंतप्रधान आले तरी शेपटाला उभे राहतील.”

“घुसवायला सांगतंय कोण? ते जिथे जातील तिथे रांगच असता कामा नये.”

हिराओकाने चष्मा काढून पुसला. त्याच्या डोळ्यांत एक चमक आली. इतकी वर्षं तो गर्दी हाकत होता, पण कुणा एका माणसासाठी ती हाकायची हे त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं. “म्हणजे आपण आख्खं पार्क त्यांच्या पुढे पुढे झाडत न्यायचं,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीपर्यंत ही गोष्ट भूतबंगल्यातल्या भुतांपासून तिकीट खिडकीपर्यंत सगळ्यांना कळली होती. आमच्यात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही. फक्त शिन्पेइला कुणी काही सांगितलं नाही.

ठरलेल्या दिवशी मित्सुयो आली ती पांढरी छत्री घेऊन, खांद्याला मोठी कापडी पिशवी. बिनतारी संचावर हिराओकाचा आवाज आला, “पांढरी छत्री आत आली. होड्यांकडे वळतेय.” लगेच होड्यांवाल्यांनी जास्तीच्या होड्या पाण्यात सोडल्या आणि दुसरं दार उघडलं. छत्री पोहोचेपर्यंत रांग आटून गेली होती. छत्री भूतबंगल्याकडे निघाली तर ताकोमारू, म्हणजे आमचा गुलाबी ऑक्टोपस, बरोब्बर समोरच्या चौकात वाजतगाजत अवतरला. भूतबंगल्याची सगळी रांग त्याच्याबरोबर फोटो काढायला पळाली. ऑक्टोपसच्या आत नोबोरू असतो. अशा उन्हात त्याला एरवी दिवसातून दोनदाच चौकात आणतात. त्या सकाळी तो छत्रीच्या पुढे पुढे नाचतच होता.

कुणाचं काही नुकसान झालं नाही, हे सांगायला हवं. उलट सगळेच पाहुणे खूश. लोक एकमेकांना सांगत होते, “सुट्ट्यांत इतक्या लवकर नंबर कधी लागला नव्हता.” हिराओका तर हवेत होता. “आजच्यासारखं पार्क कधी चाललं नाही, किकुए-सान!” मी पाटी मिरवत उभी होते आणि मनातल्या मनात लग्नात कोणता किमोनो नेसायचा ते ठरवत होते.

दुपारचे दोन वाजायच्या आतच शिन्पेइ नूडल्सच्या गाडीमागे येऊन उभा राहिला. मी पाणी प्यायला तिथे गेले होते.

“किकुए-सान, संपलं सगळं.”

“काय संपलं?”

“पार्क. होड्या झाल्या, भूतबंगला झाला, घोडे झाले, आकाशपाळणा झाला. कुठेच थांबावं लागलं नाही. बसायचं, उतरायचं, पुढे चालायचं.”

“मग बरंच झालं की! बोललात काय काय?”

तो आठवायला लागला. “होडीत मी विचारलं, भिजलात का. आकाशपाळण्यात तिने विचारलं, तो समुद्र का. मी हो म्हणालो. भूतबंगल्यात ती किंचाळली, तेव्हा मी माफी मागितली.”

“का? भूत तू होतास?”

तो हसला नाही. “आता ती फाटकाजवळच्या बाकावर बसलीय. म्हणाली, ‘किती सुटसुटीत पार्क आहे तुमचं.’ आणि बसचं वेळापत्रक वाचायला लागली.”

मी गाडीला टेकले. अति तिथे माती म्हणतात ते उगाच नाही. पाळण्यात बसून कुणी बोलत नाही, तिथे माणूस एक तर ओरडतो नाही तर दांडा घट्ट धरतो. बोलायची जागा एकच, पाळण्याच्या आधीची. ती आम्ही सगळ्यांनी मिळून, घाम गाळून, सकाळपासून झाडून काढली होती. भोळ्या जिवाला रांगेची भीती वाटली, आणि मी शहाणीने त्याच्या पायावर धोंडा पाडला. मला रडूच यायला लागलं.

“गडगड्या राहिलाय ना अजून?” मी विचारलं.

“तो मी मुद्दाम टाळला. तिथे मी बोल्ट बघत बसेन.”

“बस बघत. पण तिला घेऊन ये. बस कुठे पळून जात नाही.”

तो गेला तसा मी संच तोंडाशी धरला. “हिराओका-सान, ऑक्टोपसला आत घे. जास्तीच्या गाड्या, दुसरी दारं, जे जे उघडलंस ते सगळं रोजच्यासारखं कर.”

“आत्ता? अहो, सकाळपासून एक तक्रार नाही!”

“तक्रार माझी आहे.”

तो वरून काही तरी पुटपुटला, पण त्याने ऐकलं. नोबोरूचं गुलाबी डोकं पडद्याआड गेलं आणि चौकातली सगळी गर्दी, जिला आता करायला काही उरलं नव्हतं, एकदम माझ्या अंगावर आली. बघता बघता रांग कठड्यांच्या घड्यांतून वळत वळत बाहेर निघाली. फलकावर नव्वद लागले. पांढरी छत्री माझ्यासमोर येऊन थांबली.

मी वाकले. “वाट पाहायला लावतोय, माफ करा.” या वेळी ते मनापासून म्हटलं नाही.

शिन्पेइने फलक वाचला आणि त्याचे खांदे पडले. “मित्सुयो-सान, नव्वद म्हणजे फारच होतं. तुमची बस...”

मित्सुयोने छत्री मिटली. “मी रोज खिडकीमागे बसते. लोक वाट पाहून पाहून माझ्यापुढे येतात, आणि आल्या आल्या चिडलेले असतात. त्यांचं तोवर काय होतं, ते मी कधी पाहिलंच नाही. उभं राहू या की.”

आमची रांग लोखंडी कठड्यांमधून मागेपुढे वळते, त्यामुळे एकदा रांगेत लागलेली माणसं माझ्या जवळून पुन्हा पुन्हा जातात. ही दोघं पहिल्यांदा गेली. शिन्पेइ वर बोल्टांकडे बघत होता, ती त्याच्या बुटांकडे. मी पाटीची दांडी इतकी आवळली होती की बोटं दुखायला लागली.

दुसऱ्यांदा आली तेव्हा ती विचारत होती, “पुढचे लोक म्हणतायत, नव्वद लागणारच नाहीत. मग फलकावर का?”

“आम्ही नेहमी थोडं जास्त लिहितो. आधी नंबर लागला की माणसाला बरं वाटतं.”

“अय्या! मी पण तेच करते. दाखला तयार असला तरी म्हणते, जरा वेळ लागेल हं. मग पटकन दिला की काय खूश होतात!”

“म्हणजे तुम्हीपण खोटारड्या,” शिन्पेइ म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच घाबरला. ती मात्र हसली, चांगली तोंड भरून. मी दुसरीकडे बघितलं, कारण माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

तिसऱ्यांदा आली तेव्हा तिची कापडी पिशवी उघडी होती. आत डबा, डब्यात समुद्रशैवालात गुंडाळलेले भाताचे गोळे.

“पहाटे उठून केले,” ती म्हणत होती. “वाटलं, सुट्टीचा दिवस, रांगा असतील, रांगेत खाऊ. पण सकाळपासून डबा काढायला वेळच मिळाला नाही. कुठे थांबलोच नाही ना. मला वाटायला लागलं, तुम्हाला हा दिवस लवकर उरकायचाय.”

शिन्पेइच्या हातात गोळा, तोंडात घास. त्याला काही बोलता येईना, तो नुसती जोरजोरात मान हलवत होता. तिने त्याच्या हनुवटीवरचं भाताचं शीत बोटाने दाखवलं. माझा जीव भांड्यात पडला.

आणि चौथ्यांदा मला त्यांचं काही ऐकूच आलं नाही. शिन्पेइ कठड्याला टिचक्या मारत होता, एकदा इथे, एकदा तिथे, आणि ती कान कठड्याला लावून ऐकत होती, कोणता आवाज सैल बोल्टाचा आणि कोणता घट्ट. पुढची रांग सरकून बरीच जागा मोकळी झाली होती. मागचं कुटुंब तसंच थांबलं होतं. त्यातल्या आजीने नातवाच्या तोंडावर हात ठेवला होता.

मग दोघं वर फलाटाकडे गेली, माझ्या नजरेआड. मी नव्या माणसांपुढे वाकत राहिले. थोड्या वेळाने संचावर हिराओका करवादला.

“किकुए-सान! वर काय चाललंय? गाड्या रिकाम्या सुटतायत! रांग हलत नाहीय!”

“काय झालं?”

“पांढरी छत्री बसतच नाहीय. त्यांचा नंबर आला, तर मागच्यांना म्हणते, आधी तुम्ही. मागचे म्हणतात, छे छे, आधी तुम्ही. ही म्हणते, आम्हाला घाई नाही. ते म्हणतात, आम्हालाही नाही. सगळे एकमेकांपुढे वाकतायत आणि गाडी रिकाम्या बाकांनिशी निघून जातेय!”

हे असं फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. वादळात रांग थांबली नाही कधी, ती चांगुलपणापायी तुंबली. मी पाटी हिराओकाने खाली धाडलेल्या माणसाकडे दिली आणि पायऱ्या चढून वर गेले.

फलाटावर ते कुटुंब, मागचे चार कॉलेजचे पोरगे आणि ही दोघं, अशी गोल करून वाकावाकी चालली होती. शिन्पेइला मी इतका लाल झालेला कधी पाहिला नव्हता. स्वतःच्याच कोस्टरपुढे, स्वतःच्याच साथीदारांसमोर त्याने गाड्या अडवल्या होत्या. पण तो तिच्या बाजूने वाकत होता, हे मी पाहिलं.

मी कमरेवर हात ठेवले. “पाहुणे, असं दारात थांबता येत नाही. बसायचं असेल तर बसा. नसेल बसायचं तर...” मला दरडावायचं होतं, म्हणून जे सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. “तर परत रांगेच्या शेवटी जावं लागेल.”

मित्सुयोने शिन्पेइकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“परत शेवटी गेलं तर चालेल?” तिने विचारलं. परवानगी मागत होती बिचारी. जणू मी काही चांगलं देऊ केलं होतं आणि ते घ्यावं की नाही असा तिला संकोच वाटत होता.

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. शिन्पेइच म्हणाला, “चालतं. नियमात बसतं.” आणि त्याने तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

दोघं बाहेरच्या जिन्याने खाली उतरली, पूर्ण वळसा घालून. मी आतल्या जिन्याने धावत उतरले आणि पाटी परत हातात घेऊन उभी राहिले, कारण ती जागा माझी आहे. ऊन कलायला लागलं होतं. शेवटच्या पाहुण्यांची वेळ झाली होती. दोघं रमतगमत आली, मधे डबा उघडून उरलेला गोळा अर्धा अर्धा करत. त्यांच्यामागे कुणी नव्हतं.

सवयीने मी वाकले. तोंड उघडलं. “वाट पाहायला...” इथवर आले आणि पुढचे शब्द गिळले. ज्यांना वाट पाहायची होती त्यांची कसली माफी मागायची? मी नुसतीच पाटी पुढे केली.

मित्सुयोने भाताचा हात रुमालाला पुसला, आणि ती पाटी दोन्ही हातांनी घेतली, जशी आपण कुणाकडून मानाची वस्तू घेतो तशी. दांडीचं खालचं टोक शिन्पेइने धरलं. इतक्या वर्षांत लोकांनी मला रांगेबद्दल माफ केलं होतं. तिने वाकून माझे आभार मानले.

रांग एक पाऊल पुढे सरकली, पण ती दोघं सरकायला विसरली.

“किकुए-सान,” संचावर हिराओका, आवाज अजून थोडा रुसलेला. “रांग बंद केली का?”

“बंद.”

“शेवटी कोण?”

“आपलीच माणसं,” मी म्हणाले.